उद्याचे जग हे फक्त मोठ्या लोकांचे काम आहे काय?

रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. भांडी घासून झाली, अंथरुणे पडली. दहावीतला मुलगा मोबाईलवर काहीतरी पाहतो आहे. वडील नुकतेच कामावरून आलेत, हातपाय धुऊन जेवायला बसले आहेत.

"पप्पा, यात म्हणतात, थोड्या वर्षांत सगळी कामं यंत्रंच करणार. माणसाची गरजच उरणार नाही."

वडील घास हातातच धरून थांबतात. मग म्हणतात, "तू तुझा अभ्यास कर. त्या गोष्टी मोठ्या लोकांनी बघायच्या."

आई ताट उचलता उचलता विचारते, "मोठे लोक बघतील हो, पण आपलं काय होणार ते कोण बघणार?"

तिच्या प्रश्नाला उत्तर कोणीच देत नाही. दिवा मालवला जातो.

वाचकहो, हा संवाद आज कुठल्याही वस्तीत, कुठल्याही चाळीत ऐकू येईल. यंत्रे नोकऱ्या खाणार का, हवामान बिघडले तर शेतीचे आणि पाण्याचे काय होणार, नवी साथ आली तर काय, असे प्रश्न घराघरात शिरले आहेत. पण त्यांवर बोलायचा अधिकार आपला नाही, तो प्राध्यापकांचा, मंत्र्यांचा, कारखानदारांचा, असे आपणच मानून चाललो आहोत. "त्या गोष्टी मोठ्या लोकांनी बघायच्या" हे ते वाक्य. या वाक्याची किंमत श्रमिकांनी एकदा मोजलेली आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर हजारो कामगार पुन्हा कामावर गेलेच नाहीत, कित्येक गिरण्या कायमच्या थंडावल्या. गिरणीत नवी यंत्रे आणायची की नाही, कापडाचा धंदा यंत्रमागांकडे का सरकतो आहे, गिरणीखालच्या जमिनीचे उद्या काय मोल होणार, याचा हिशेब कोणीतरी कुठेतरी बसून करीतच होते. त्या हिशेबात कामगारांची संख्या होती, पण त्या बैठकीत कामगार नव्हता. उद्याचे जग त्याला सांगितले गेले नाही. ते त्याच्या अंगावर आले.

आज पुन्हा तसेच एक वळण आले आहे. या वेळी मात्र एक गोष्ट वेगळी आहे. उद्याच्या जगाचे शिक्षण, थोडेथोडके का होईना, इंटरनेटवरून सर्वसामान्य माणसापर्यंत पोहोचू शकते. कुठे कुठे ते पोहोचवलेही गेले आहे. ते कसे पोहोचले आणि कुठे अडले, हे आपण समजून घेऊ.

एका छोट्या देशाचा मोठा निश्चय

युरोपच्या उत्तर टोकाला फिनलंड नावाचा देश आहे. लोकसंख्या अवघी ५५ लाख, म्हणजे मुंबई शहराच्या निम्मीसुद्धा नाही. थंडी कडाक्याची, भाषा बाकीच्या युरोपला न समजणारी. २०१७ साली या देशाच्या सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार करण्यासाठी एक कार्यक्रम हाती घेतला. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय? माणूस विचार करून जी कामे करतो, उदाहरणार्थ चेहरा ओळखणे, भाषांतर करणे, अर्ज छाननी करणे, ती कामे संगणकाकडून करवून घेण्याचे शास्त्र.

असे काही नवे आले की बहुतेक देश काय करतात? दोन संशोधन केंद्रे उभारतात, चार कंपन्यांना सवलती देतात आणि मोकळे होतात. फिनलंडमध्ये आणखी एक गोष्ट झाली. हेलसिंकी विद्यापीठ आणि रिअ‍ॅक्टर नावाची तिथली संगणक कंपनी एकत्र आली आणि मे २०१८ मध्ये त्यांनी इंटरनेटवर एक अभ्यासक्रम खुला केला. नाव 'एलिमेंट्स ऑफ एआय', म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची मूलतत्त्वे. हेलसिंकी विद्यापीठातील संगणकशास्त्राचे अध्यापक तेमू रोस यांनी तो शिकवायला घेतला. उद्दिष्ट असे ठेवले की देशातील एक टक्का लोकांनी हा विषय शिकावा. एक टक्का म्हणजे ५५ हजार माणसे. आणि ही माणसे इंजिनिअर नव्हेत. दुकानात काम करणारे, दवाखान्यातल्या परिचारिका, शिक्षक, निवृत्त झालेले, घर सांभाळणारे.

आपल्याकडचा हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. तिचा एक टक्का म्हणजे सव्वाअकरा लाख माणसे! एखाद्या मोठ्या जिल्ह्याच्या शहराएवढी माणसे एकच विषय शिकायला बसली आहेत, अशी कल्पना करा.

हा अभ्यासक्रम विनामूल्य ठेवला. अवघड गणित नको, संगणकाची आज्ञावली लिहिता येण्याची अट नको, वयाची अट नको. कंपन्यांनी आपल्या कामगारांना तो करण्यास सांगितले. तुरुंगातल्या कैद्यांनाही तो उपलब्ध करून देण्यात आला. एक टक्क्याचे उद्दिष्ट पुढे गाठले गेले. डिसेंबर २०१९ मध्ये फिनलंडने हाच अभ्यासक्रम संपूर्ण युरोपियन युनियनच्या नागरिकांना भेट म्हणून देऊ केला आणि निरनिराळ्या युरोपीय भाषांत तो तयार करायला घेतला. पुढे जगभरातून नाव नोंदवणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या पलीकडे गेली. यांतील सुमारे ४० टक्के स्त्रिया आहेत. संगणकाच्या इतर अभ्यासक्रमांत एवढ्या स्त्रिया सहसा दिसत नाहीत. दार खरोखर उघडले तर आत कोण कोण येते, ते या आकड्यावरून कळते.

वर्गात शिकवतात तरी काय?

या अभ्यासक्रमात सहा प्रकरणे आहेत. कृत्रिम बुद्धिमत्ता कशाला म्हणावे, यापासून सुरुवात होते. मग संगणक कोडे कसे सोडवतो, शक्यतांचा हिशेब कसा मांडतो, उदाहरणे पाहून 'शिकतो' म्हणजे नेमके काय करतो, हे येते. सहावे प्रकरण समाजाविषयी आहे. यंत्राने केलेला भेदभाव, खोटी छायाचित्रे आणि चित्रफिती, आपली खासगी माहिती आणि बदलणारे कामधंदे यांची त्यात चर्चा आहे. भविष्याविषयी छातीठोकपणे भाकिते करणाऱ्यांपासून सावध राहा, हेही त्यात सांगितले आहे. वाचायचे, प्रश्न सोडवायचे, काही उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहायची आणि एकमेकांची उत्तरे तपासायची, अशी पद्धत आहे.

त्यातला एक प्रश्न घरात सर्वांनी मिळून करून पाहण्यासारखा आहे. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत. गणित चौथीचे आहे, पण भल्याभल्यांना चकवते.

समजा, स्त्रियांच्या छातीच्या कर्करोगाची एक तपासणी आहे. शंभर स्त्रियांपैकी पाच जणींना हा रोग आहे. ज्यांना रोग आहे, अशा शंभरांपैकी ऐंशी जणींचा रोग तपासणीत सापडतो. पण ज्यांना रोग नाही, अशा शंभरांपैकी दहा जणींनाही तपासणी चुकून 'रोग आहे' असे सांगते. आता एका बाईची तपासणी झाली आणि अहवालात 'रोग आहे' असे आले. तिला खरोखर रोग असण्याची शक्यता किती?

बहुतेक जण म्हणतात, ऐंशी टक्के. चला, मोजून पाहू. एक हजार स्त्रिया घ्या. त्यांतील ५० जणींना रोग आहे. त्यांच्यापैकी ४० जणींचा रोग तपासणीत सापडेल. उरलेल्या ९५० निरोगी आहेत, पण त्यांच्यापैकी ९५ जणींनाही तपासणी 'रोग आहे' म्हणेल. म्हणजे 'रोग आहे' असा अहवाल एकूण १३५ जणींच्या हातात पडला आणि खरा रोग त्यांतल्या ४० जणींनाच आहे. शक्यता ऐंशी टक्के नव्हे, जेमतेम तीस टक्के!

याचा अर्थ तपासणी करू नये असा मुळीच नाही. अहवाल आला की घाबरून न जाता पुढची तपासणी करून घ्यावी, एवढाच अर्थ. पण या छोट्या गणितात मोठा धडा आहे. यंत्राने सांगितले म्हणजे ते ब्रह्मवाक्य नव्हे. "किती वेळा चुकते? कोणाच्या बाबतीत चुकते?" हे दोन प्रश्न विचारायला शिकले की माणूस यंत्रापुढे हात जोडून उभा राहत नाही. जो प्रश्न विचारतो त्याला फसवणे कठीण जाते.

यंत्र कोणाच्या वहीतून शिकते?

आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा भाग पुढेच आहे. संगणक शिकतो तो जुन्या नोंदींवरून. त्या नोंदी ज्या समाजाने केल्या, त्या समाजाचे गुणदोष त्यात उतरलेले असतात.

अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज छाननी करण्यासाठी असे एक यंत्र तयार करून पाहिले होते. आधीच्या दहा वर्षांतले अर्ज त्याला शिकायला दिले. ते अर्ज बहुतांशी पुरुषांचे होते. यंत्राने त्यातून काय शिकावे? पुरुष बरे, स्त्रिया नकोत! अर्जात स्त्रियांच्या महाविद्यालयाचा किंवा स्त्रियांच्या संघाचा उल्लेख आला की ते गुण कमी करू लागले. कंपनीने अखेर तो प्रकल्प सोडून दिला. ही हकीकत रॉयटर्स या वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २०१८ मध्ये जगापुढे आणली.

नेदरलँड्समध्ये याहून भयंकर घडले. तिथे लहान मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार कुटुंबांना मदत देते. त्यात फसवणूक कोण करीत असेल, हे हुडकण्यासाठी कर खात्याने संगणकाची मदत घेतली. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हीदेखील धोक्याची खूण धरली गेली. हजारो आईबापांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला. वर्षानुवर्षे मिळालेली मदत परत करा, असे हुकूम निघाले. यात बाहेरच्या देशांतून येऊन स्थायिक झालेली, कमी मिळकतीची कुटुंबे मोठ्या संख्येने भरडली गेली. लोक कर्जात बुडाले, संसार मोडले. अखेर जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

वाचक बंधू-भगिनींनो, जरा विचार करा. ज्या समाजाच्या जुन्या वह्यांत आडनाव, वस्ती, गाव, शाळा यांवरून माणसाची किंमत ठरवली गेली, त्या वह्या जर यंत्राला शिकायला दिल्या, तर यंत्र काय शिकेल? त्याला जात हा शब्द कोणी सांगण्याची गरजही नाही. पिन कोड आणि आडनाव पुरेसे आहे. माणसाने भेदभाव केला तर निदान त्याच्याकडे बोट दाखवता येते. यंत्राने केला तर "संगणकातच तसे आले आहे" असे म्हणून खिडकीवरचा माणूस हात वर करतो. म्हणूनच हा विषय केवळ संगणकवाल्यांचा राहत नाही. ज्यांनी भेदभाव भोगला आहे, त्यांना तो लवकर ओळखता येतो. त्यांनीच हा विषय शिकला नाही, तर ओळखणार कोण?

दार उघडे, पण आत कोण?

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, मग काय, आता सारे ज्ञान मोबाईलवर आहे, बहुजनांचा प्रश्न सुटला! तसे झालेले नाही. ते का झाले नाही, हे नीट पाहू.

२०११ च्या शरद ऋतूत अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग इंटरनेटवर सर्वांसाठी खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नावे नोंदवली. स्वयंसेवकांनी अनेक भाषांत भाषांतरे केली. जगभर गाजावाजा झाला. पण शेवटपर्यंत टिकले सुमारे २३ हजार.

पुढच्याच वर्षी, २०१२ साली, कोर्सेरा आणि एडएक्स अशी मोठी व्यासपीठे उभी राहिली. मानवजातीच्या भवितव्यावरचे अभ्यासक्रमही आले. २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स यांनी दारिद्र्य, पर्यावरण आणि विकास यांवर जगासाठी खुला अभ्यासक्रम घेतला. इतिहासकार डेव्हिड ख्रिश्चन यांच्या 'बिग हिस्ट्री' या विनामूल्य अभ्यासक्रमात विश्वाच्या जन्मापासून सुरुवात करून शेवटचा धडा भविष्याचा ठेवला आहे. म्हणजे शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि फी नाही.

मग शिकले कोण? २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी कोर्सेरावरील आपल्या ३२ अभ्यासक्रमांच्या सुमारे ३५ हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यातील ८३ टक्के लोकांकडे आधीच उच्च शिक्षणाची पदवी किंवा पदविका होती. भारत, चीन, ब्राझील अशा देशांतून आलेले विद्यार्थी तर मुख्यतः तिथल्या सर्वात सुस्थितीतल्या, सर्वात शिकलेल्या वर्गातले होते. म्हणजे ज्याच्या ताटात पोळी होती, त्याच्याच ताटात तूप पडले.

२०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या अभ्यासक्रमांचा सहा वर्षांचा ताळेबंद आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पहिला धडाही उघडत नाहीत. २०१७-१८ मध्ये शंभरातले जेमतेम तीन जण अभ्यासक्रम पूर्ण करीत होते. ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्रासाठी नोंदणी केली, त्यांच्यातले मात्र ४६ टक्के टिकले.

याचा अर्थ गरीब माणूस आळशी आहे असा कोणी काढू नये. दिवसभर राबलेल्या बाईला रात्री दहाला इंग्रजीत लिहिलेला धडा वाचायला बसवा आणि मग तिची परीक्षा घ्या! एका खोलीत पाच माणसे, एकच मोबाईल, त्यावरही मुलांच्या शाळेचा अभ्यास. धडा अडला तर विचारायचे कोणाला? अर्थात विनामूल्य म्हणजे सर्वांसाठी, असे होत नाही. फी नसली तरी वेळ, भाषा, जागा आणि सोबत यांची किंमत असतेच.

एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून

मग उपाय काय? दोन उदाहरणे सांगतो. पहिल्याचा विषय वेगळा आहे, पण धडा आपल्या उपयोगाचा आहे.

२०१२ मध्ये एमआयटी या अमेरिकन संस्थेने इलेक्ट्रॉनिक्सचा एक अवघड अभ्यासक्रम जगासाठी खुला केला. तो शिकवणाऱ्यांत अनंत अगरवाल हे भारतात शिकलेले प्राध्यापक होते. सुमारे १ लाख ५५ हजार लोकांनी नावे नोंदवली, ७,१५७ उत्तीर्ण झाले आणि पैकीच्या पैकी गुण फक्त ३४० जणांना मिळाले. त्या ३४० जणांत मंगोलियाची राजधानी उलानबातर इथला पंधरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा होता. वर्तमानपत्रांनी त्याला अलौकिक बुद्धीचा मुलगा म्हणून डोक्यावर घेतले. तो हुशार होताच. पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक स्वतः एमआयटीत शिकलेले होते. हा अभ्यासक्रम त्यांनी आपल्या शाळेत आणला. अमेरिकेतून एका मित्राला प्रयोगाचे साहित्य घेऊन बोलावले आणि मुलांना एकत्र बसवून शिकवले. धडे इंटरनेटवरून आले खरे, पण मुलाच्या शेजारी माणूस बसलेला होता.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या शिकागो शहराचे. २०१५ साली तिथल्या सार्वजनिक वाचनालयाने एका संस्थेच्या मदतीने 'लर्निंग सर्कल' म्हणजे शिक्षण-मंडळे सुरू केली. कल्पना अगदी साधी. इंटरनेटवरचा विनामूल्य अभ्यासक्रम घ्यायचा, पण घरी एकट्याने करायचा नाही. आठवड्यातून एकदा, दीड-दोन तास, वाचनालयात जमायचे. सहा ते आठ आठवडे. धडा सर्वांनी मिळून पाहायचा, अडले तर एकमेकांना विचारायचे. ग्रंथपाल बरोबर बसतो, पण तो त्या विषयातला तज्ज्ञ नसतो. त्याचे काम मंडळ चालू ठेवण्याचे. ही पद्धत पुढे इतर शहरांच्या वाचनालयांनीही उचलली.

हे वाचून आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी आणि मजूर स्त्री-पुरुषांसाठी रात्रशाळा काढली होती. दिवसा कष्ट करणाऱ्याला रात्री, त्याच्या सोयीने, त्याच्या भाषेत आणि चारचौघांच्या सोबतीने शिकवावे लागते, हे त्यांना तेव्हा कळले होते. मोबाईलने त्यात बदल झालेला नाही. फक्त फळा हातात आला आहे.

आपल्या वस्तीत काय करता येईल?

आपल्या देशात आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या प्राध्यापकांची व्याख्याने 'एनपीटीईएल' या उपक्रमातून २००३ पासून तयार होत आली आहेत. त्यांतील काहींची मराठीसह भारतीय भाषांत भाषांतरेही झाली आहेत. जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'स्वयं' हे व्यासपीठ सुरू केले. त्यावर शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क भरावे लागते. फिनलंडचा अभ्यासक्रमही आपल्याला करता येतो, पण तो इंग्रजीतून करावा लागतो. आणि इथेच वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींची कसोटी आहे.

समाजमंदिरात, वाचनालयात किंवा कोणाच्या मोठ्या खोलीत आठ-दहा माणसे जमवा. रविवारी सकाळी दीड तास, सहा आठवडे, एवढाच बेत ठेवा. आठवड्याला एक प्रकरण. महाविद्यालयात जाणाऱ्या एखाद्या मुलीने ते प्रकरण आधी वाचून ठेवावे आणि मराठीत, आपल्या बोलीत समजावून सांगावे. तिला सगळे आलेच पाहिजे असे नाही. "हे मलाही कळलं नाही, आपण मिळून बघू" असे ती म्हणाली तरी चालेल. किंबहुना तसेच म्हणावे.

प्रत्येक धड्यानंतर तीन प्रश्न विचारा. हे यंत्र आपल्या कामात कुठे येऊ शकते? ते चुकले तर भोगणार कोण? आणि त्याबद्दल दाद कोणाकडे मागायची? सफाई कामगार, रिक्षाचालक, बँकेतला शिपाई, अंगणवाडी सेविका, कारखान्यातला फिटर, प्रत्येकाचे उत्तर वेगळे येईल. हेलसिंकीच्या प्राध्यापकाला जे माहीत नाही, ते त्या उत्तरांत असेल.

घरातल्या स्त्रियांना या मंडळात आवर्जून आणा. "तिला काय कळतं त्यातलं" असे कोणी म्हणाले तर वरचे तपासणीचे गणित त्याला सोडवायला द्या! आणि रविवारी सकाळी ती दीड तास बाहेर असेल तेव्हा चूल कोण बघणार, हे शनिवारीच ठरवून ठेवा. नाहीतर मंडळात पुरुष बसतील आणि बायका चहा देतील.

दोन गोष्टींपासून मात्र सावध राहावे. पहिली, "हा कोर्स करा, नोकरीची हमी" असे सांगून हजारो रुपये मागणारे. विनामूल्य मिळणारेच धडे रंगीत कागदात गुंडाळून विकण्याचा धंदा जोरात आहे. पैसे भरण्याआधी, तेच कुठे फुकट मिळते का, हे शोधा. दुसरी गोष्ट, शिकवणाऱ्याचा हेतूही तपासावा. उद्याच्या जगाचे पुष्कळ धडे श्रीमंत देशांतली विद्यापीठे आणि बड्या कंपन्याच तयार करतात. यंत्र विकणारा यंत्राचे दोष सगळेच सांगेल असे नाही. म्हणून धडा शिकावा, पण डोळे मिटून मानू नये. पटेल ते घ्यावे, न पटेल त्यावर प्रश्न विचारावा.

पुन्हा त्या घरात

सहा आठवड्यांत कोणी शास्त्रज्ञ होत नाही. फिनलंडमध्येही झाले नाहीत. पण देशातल्या शंभरातल्या एकाला जरी हा विषय ठाऊक असला, तरी प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक शाळेत, प्रत्येक रांगेत एकजण असा असतो की जो म्हणू शकतो, "थांबा, हे संगणकाने कसं ठरवलं ते आधी सांगा." एवढ्या एका माणसाने खिडकीपलीकडचा सूर बदलतो. उद्याचे जग जाणकारांच्या बैठकीतच ठरणार असेल, तर जाणकार आपल्या वस्तीतही हवेत.

आता पुन्हा त्या घरात जाऊ. रात्रीचे साडेनऊ. मुलगा म्हणतो, "पप्पा, सगळी कामं यंत्रंच करणार म्हणे." या वेळी वडिलांनी "मोठ्या लोकांनी बघायचं" असे म्हणू नये. त्यांनी म्हणावे, "असं कोण म्हणतं? कशावरून म्हणतं? आण तो मोबाईल इकडे, आपण मिळून बघू." आणि आईलाही हाक मारावी, कारण खरा प्रश्न तिनेच विचारला होता.

दिवा अर्धा तास उशिरा मालवला तरी चालेल.